वाचवलेला पैसा गृहकर्जापर्यंत पोहोचवायचा कसा?

काटकसर करणारी घरे पुष्कळ असतात, पण त्या काटकसरीमुळे गृहकर्ज मुदतीआधी फिटले असे घर क्वचितच भेटते. खर्च कमी होतो, पैसा वाचतोही. मग तो त्याच बचत खात्यात पडून राहतो आणि दोन-तीन महिन्यांत दुसऱ्याच कशात तरी जिरतो. कर्ज आपल्या चालीने चालूच असते. म्हणून या लेखात खर्च कुठे कापायचा याइतकेच लक्ष कापलेली रक्कम मुद्दलावर कशी न्यायची याकडे दिले आहे. माझ्या मते या दोहोंतले अवघड काम दुसरे, म्हणजे रक्कम मुद्दलावर नेण्याचे आहे.

उदाहरणातले आकडे कोणत्याही चलनात वाचा, हिशेब तोच राहतो. सोयीसाठी एकच कर्ज धरू: ३० लाख, व्याजदर ८ टक्के, मुदत २० वर्षे, व्याज दरमहा घटत्या शिलकेवर.

पहिली पायरी: कर्जाचा तक्ता समोर घ्या

कर्ज देणाऱ्या संस्थेकडून परतफेडीचा तक्ता मागवा. बहुतेकांनी तो कर्ज घेताना एकदा पाहिलेला असतो आणि फाइलीत लावून टाकलेला असतो. आपल्या उदाहरणात हप्ता येतो सुमारे २५,०९३. पहिल्या महिन्यात त्यातले २०,००० व्याजात जातात आणि मुद्दल कमी होते फक्त ५,०९३ ने. पाच वर्षे एकही हप्ता न चुकवता भरलेत तर तुमच्या खिशातून १५ लाखांहून थोडे अधिक गेलेले असतात, आणि मुद्दल उतरलेले असते जेमतेम पावणेचार लाखांनी. मुद्दल निम्म्यावर यायला १३ वर्षे ८ महिने लागतात. वीस वर्षांत एकूण व्याज ३० लाख २२ हजारांच्या घरात जाते, म्हणजे घेतले तेवढेच पुन्हा, वर थोडे.

यात कुणाची लबाडी नाही. शिल्लक मोठी असते तेव्हा व्याज मोठे, इतकाच मामला आहे. पण यातूनच जादा भरण्याचे बळ कळते. वर्षाच्या अखेरीस, म्हणजे बाराव्या हप्त्यानंतर, १ लाख जादा भरून हप्ता तोच ठेवला तर मुदत सुमारे १७ महिन्यांनी कमी होते आणि पुढचे ३ लाख ३० हजारांच्या आसपास व्याज वाचते. तोच १ लाख पंधराव्या वर्षाच्या शेवटी भरला तर वाचतात ४६-४७ हजार. ‘पगार वाढला की भरू’ म्हणत थांबणाऱ्यांनी हे दोन आकडे शेजारी शेजारी लिहून ठेवावेत.

तक्त्यासोबत करारही काढा आणि चार गोष्टी शोधा. मुदतपूर्व फेडीवर शुल्क आहे का, आणि असल्यास किती काळापर्यंत? वर्षाला किती रक्कम विनाशुल्क जादा भरता येते? एका वेळी किमान किती भरावी लागते? व्याजाची आकारणी रोजच्या शिलकेवर होते की महिन्याच्या? रोजच्या शिलकेवर होत असेल तर जादा रक्कम जितकी लवकर टाकाल तितके बरे. महिन्याची असेल तर आकारणीच्या तारखेआधी पैसे जमा होणे महत्त्वाचे, नाहीतर महिनाभर ते नुसतेच बसून राहतात.

दुसरी पायरी: गृहकर्जाच्या आधी रांगेत कोण आहे

क्रेडिट कार्डाची थकबाकी असेल तर हा लेख इथेच बाजूला ठेवा आणि आधी ती फेडा. कार्डावर दरमहा ३ टक्के व्याज लागत असेल तर चक्रवाढीने ते वर्षाला ४२ टक्क्यांच्या वर जाते. ८ टक्क्यांचे कर्ज घाईने फेडायचे आणि ४२ टक्क्यांचे पोसायचे, हा उलटा कारभार झाला. वैयक्तिक कर्ज, वाहनकर्ज, हप्त्यांवर घेतलेली उपकरणे यांचाही क्रम व्याजदरानुसार लावा. बहुतेक घरांत गृहकर्ज या रांगेत शेवटी येते, कारण ते सर्वांत स्वस्त असते.

दुसरे म्हणजे अडीअडचणीची गंगाजळी. गृहकर्जात भरलेला पैसा सहसा परत मागता येत नाही. नोकरी गेली किंवा कुणी आजारी पडले की ‘आम्ही गेल्या वर्षी जादा भरले होते’ हे ऐकून संस्था पुढचा हप्ता माफ करत नाही. तीन ते सहा महिन्यांचा घरखर्च, त्यात कर्जाचा हप्ता धरून, हाताशी असला पाहिजे. कमावणारी व्यक्ती एकच असेल किंवा उत्पन्न अनियमित असेल तर सहाच्या खाली येऊ नका. कर्जाशी जोडलेले असे खाते मिळत असेल, ज्यात पैसे ठेवले की तेवढ्या रकमेवर व्याज लागत नाही आणि लागतील तेव्हा काढताही येतात, तर गंगाजळी तिथेच ठेवावी. मात्र अशा कर्जाचा व्याजदर अनेकदा किंचित जास्त असतो. शिल्लक भरघोस राहणार असेल तरच ते परवडते.

तिसरी पायरी: खर्चाची झडती

पुढच्या महिन्यापासून खर्च लिहायचा संकल्प सोडू नका, पण त्याची वाटही पाहू नका. मागचा खर्च आधीच लिहिलेला आहे, बँकेच्या आणि कार्डाच्या स्टेटमेंटमध्ये. गेल्या १२ महिन्यांची काढा. तीन महिन्यांच्या स्टेटमेंटवर समाधान मानले तर वर्षातून एकदाच येणारे विम्याचे हप्ते, शाळेची फी, मालमत्ता कर, वाहनाची मोठी दुरुस्ती ही मंडळी निसटतात, आणि नेमकी तीच अंदाजपत्रक मोडतात.

दोघे कमावते असाल तर दोघांनी एकत्र बसा. तीन रंगांची पेने घ्या. दर महिन्याला आपोआप जाणारी प्रत्येक रक्कम एका रंगात, गरजेची पण कमी-जास्त होणारी दुसऱ्या रंगात, हौसेची तिसऱ्यात. वाद होईल. एकाची हौस ही दुसऱ्याला उधळपट्टी वाटते. म्हणून पहिल्या बैठकीत काहीही कापायचे नाही असे आधीच ठरवून टाका, फक्त रंगवा.

रंगवताना एखादी ओळ अशी हमखास सापडते की दोघेही एकमेकांकडे पाहतात: हे कशाचे जाते? फुकट चाचणीच्या काळानंतर सुरू झालेली एखादी वर्गणी, बंद केलेल्या फोनचा प्लॅन, जुन्या पत्त्यावरचे इंटरनेट, न वापरलेली व्यायामशाळा. अशा ओळीपुढे लगेच फुली मारा. तिच्यावर चर्चा करण्यासारखे काही नसते.

चौथी पायरी: मोजक्या ठिकाणी, पण खोल

खर्चकपातीच्या सल्ल्यांत रोजच्या किरकोळ खर्चांवर फार जोर दिला जातो. मला तो सल्ला फारसा पटत नाही. पंचवीस ठिकाणी चिमूटभर कापले की रोज पंचवीस वेळा मनाला मुरड घालावी लागते, आणि दीड-दोन महिन्यांत एक ना धड भाराभर चिंध्या होतात. त्यापेक्षा एकदा निर्णय घेतला की पुढे वर्षानुवर्षे आपोआप वाचत राहील असे चार-पाच मोठे खर्च पकडा.

सर्वांत मोठा खर्च बहुधा कर्जच असते, तेव्हा कात्री आधी तिथे लावा. नव्या ग्राहकाला संस्था आज काय दर देते ते पाहा आणि तुमच्या दराशी ताडून बघा. फरक असेल तर लेखी विनंती करा. दुसऱ्या संस्थेचा देकार हातात असेल तर बोलणे लवकर संपते. आपल्या उदाहरणात दर ८ वरून साडेसात झाला आणि तुम्ही हप्ता तोच, २५,०९३, चालू ठेवलात तर कर्ज १९ महिने आधी संपते आणि एकूण ४ लाख ८० हजारांच्या आसपास वाचतात. घरात एकही दिवा कमी न लावता. मात्र कर्ज दुसरीकडे हलवायचे झाल्यास प्रक्रिया शुल्क, कायदेशीर तपासणी, मूल्यांकन, नोंदणीचा खर्च यांची बेरीज करा आणि दरमहा वाचणाऱ्या रकमेने तिला भागा. येणारे महिने दोन वर्षांच्या आत असतील तर हलवा. आणि एक सापळा: नवी संस्था पुन्हा पूर्ण २० वर्षांची मुदत देऊ करते. हप्ता लहान दिसतो आणि एकूण व्याज वाढून बसते. उरली होती तेवढीच मुदत मागा, जमल्यास त्याहून कमी.

त्यानंतर वाहन. दुसरे वाहन असेल तर त्याचा वर्षाचा खरा खर्च काढा. फक्त इंधन धरू नका. विमा, सर्व्हिसिंग, टायर, पार्किंग, कर्ज असल्यास व्याज, आणि दरवर्षी उतरणारी किंमत, सगळे मिळवा. मग ते वाहन वर्षात किती दिवस खरोखर लागले तेही मोजा. बऱ्याच घरांत भाड्याच्या गाडीने तेवढे दिवस भागवून वर पैसे उरतात. विक्रीतून आलेली रक्कम सरळ मुद्दलावर भरता येते हा वेगळा फायदा. हा निर्णय जड असतो, पण एकदाच घ्यायचा असतो.

विम्याच्या हप्त्यांचे नूतनीकरण बहुतेक लोक आलेल्या संदेशावर बोट ठेवून करून टाकतात. नूतनीकरणाच्या तारखेच्या महिनाभर आधी कॅलेंडरवर खूण करा आणि तेच संरक्षण इतरत्र कितीला मिळते ते पाहा. वाहन आणि घराच्या विम्यात लहान नुकसान स्वतः सोसायची तयारी दाखवली तर हप्ता खाली येतो. संरक्षणाची रक्कम मात्र कमी करू नका. डोक्यावर कर्ज असताना मुदतीचा आयुर्विमा आणि आरोग्य विमा यांवर काटकसर करणे महागात पडते.

विजेच्या बाबतीत सल्ले ऐकण्यापेक्षा मीटरजवळ उभे राहा. इलेक्ट्रॉनिक मीटरवर एक छोटा दिवा लुकलुकत असतो, आणि एका युनिटला तो किती वेळा लुकलुकतो ते तिथेच छापलेले असते. समजा आकडा १००० आहे. रात्री सगळे बंद करा, फ्रीजही तेवढ्यापुरता, आणि घड्याळ लावा. दर दोन मिनिटांनी एकदा दिवा लागत असेल तर घरात काहीही चालू नसताना ३० वॅट जात आहेत. वर्षाला सुमारे २६३ युनिट. टीव्ही, सेट-टॉप बॉक्स, राउटर, संगणक, चार्जर यांपैकी एकेकाचे बटण भिंतीवर बंद करत गेलात की कोण किती खातो ते कळते. पाणी तापवणे हा मोठा खादाड. विजेच्या साध्या गीझरला ५० लिटर पाणी ३० अंशांनी तापवायला पावणेदोन युनिट लागतातच, तो कितीही चांगला असो. म्हणून तिथे बचत होते ती कमी पाणी तापवून किंवा थर्मोस्टॅट खाली आणून. फ्रीजच्या दारात कागदाची पट्टी अडकवून दार लावा आणि पट्टी ओढा. सहज निघाली तर रबर सैल झाले आहे. रबर बदलायला फ्रीजच्या मानाने नगण्य खर्च येतो.

स्वयंपाकघरात सर्वांत महाग वस्तू ती जी कचऱ्यात जाते. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या २०२४ च्या अहवालानुसार २०२२ मध्ये जगभरातल्या घरांमधून दरडोई सरासरी ७९ किलो अन्न वाया गेले. आधी दोन आठवडे टाकलेल्या वस्तूंची यादी फ्रीजच्या दारावर लिहा. त्याच त्या चार वस्तू पुन्हा पुन्हा दिसतील, आणि त्या निम्म्या प्रमाणात आणल्या की काम झाले. खरेदीला जाण्याआधी फ्रीज पाहणे, किंमत पाकिटावर नव्हे तर किलोमागे ताडणे, मोठे पाकीट दर वेळी स्वस्तच असते असे न मानणे, इतके पुरते.

मोबाइल, इंटरनेट आणि मनोरंजनाच्या वर्गण्या: वर्षातून एकदा सगळ्या बंद करा आणि ज्याची आठवण येईल तीच पुन्हा घ्या.

घरातल्या प्रत्येकाला एक हौस राखून ठेवा, तिच्यावर कुणी बोट ठेवायचे नाही. ही उदारता नसून हिशेब आहे. सगळेच आवळले की एखाद्या दिवशी सगळेच सुटते.

पाचवी पायरी: कापले त्याच दिवशी वळवले

इथे बहुतेक बेत गळपटतात. खर्च बंद केला की ती रक्कम दिसेनाशी होते. खात्यात ‘वाचलेले’ असे वेगळे काही दिसत नाही, शिल्लक थोडी जास्त दिसते एवढेच. जास्त शिलकेला वाटा फार लवकर फुटतात.

म्हणून नियम एकच. वर्गणी बंद केली, प्लॅन बदलला, गाडी विकली, विमा स्वस्त पडला, की त्याच दिवशी तेवढ्या रकमेने स्वयंचलित बदली वाढवायची. सोय अशी करा: एक वेगळे खाते उघडा, त्याला कार्ड जोडू नका, त्याचे ॲप रोजच्या फोनवर ठेवू नका. पगार जमा होण्याच्या दुसऱ्या दिवशी ठरलेली रक्कम तिकडे जाईल अशी स्थायी सूचना बँकेला द्या. कर्ज देणारी संस्था दरमहा जादा रक्कम घेत असेल तर मधले खाते नकोच, थेट कर्जात भरा. एका वेळी किमान किती भरायचे अशी अट असेल तर वेगळ्या खात्यात साठवा आणि ती मर्यादा गाठली की भरून मोकळे व्हा.

महिन्याला ३,००० नियमित जादा भरले तर आपले कर्ज २४० ऐवजी १८८ महिन्यांत संपते. चार वर्षे चार महिने आधी, आणि व्याजात ७ लाख ६० हजारांच्या आसपास बचत. ५,००० भरले तर १६५ महिने, म्हणजे सव्वासहा वर्षे आधी, आणि सुमारे पावणेअकरा लाख. दरमहा झेपत नसेल तर वर्षाअखेरीस एक हप्ता जास्तीचा भरा, तेवढ्यानेही मुदत तीन वर्षांहून अधिक घटते.

जादा भरणा करताना एक पत्र किंवा ईमेल सोबत हवाच: ‘ही रक्कम मुद्दलात जमा करावी, हप्ता आहे तेवढाच ठेवावा आणि मुदत कमी करावी.’ हे न सांगितल्यास काही ठिकाणी ती रक्कम पुढच्या हप्त्यांचा आगाऊ भरणा म्हणून धरतात, तर काही ठिकाणी मुदत तीच ठेवून हप्ता कमी करतात. पहिल्या वर्षाच्या शेवटी भरलेल्या त्या १ लाखाचेच पाहा. हप्ता कमी करून घेतलात तर तो दरमहा साधारण ८५५ ने उतरतो आणि शेवटपर्यंत मिळून ९५ हजारांच्या आसपास व्याज वाचते. मुदत कमी करून घेतलीत तर ३ लाख ३० हजार. पैसा तोच, संस्थाही तीच. फरक एका ओळीचा.

भरणा झाल्यावर नवा तक्ता मागवा आणि शिल्लक मुद्दल नेमके तेवढ्याने उतरले का ते तपासा. व्याजदर बदलता असेल तर हे आणखी गरजेचे. दर वाढला की संस्था अनेकदा हप्ता तोच ठेवून मुदत वाढवते, आणि तुम्ही घटवलेले महिने गुपचूप परत येतात. दर सहा महिन्यांनी उरलेले महिने पाहण्याची सवय ठेवा.

सहावी पायरी: पगारवाढ हातात येण्याआधी वाटून टाका

आजच्या खर्चाला कात्री लावण्यापेक्षा उद्याच्या वाढीतला वाटा सोडणे माणसाला सोपे जाते. रिचर्ड थेलर आणि श्लोमो बेनार्त्झी या अर्थतज्ज्ञांनी २००४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात कर्मचाऱ्यांनी ‘पुढची पगारवाढ झाली की बचतीचा टक्का वाढवा’ असे आधीच कबूल केले होते. ४० महिन्यांत त्यांची बचत पगाराच्या ३.५ टक्क्यांवरून १३.६ टक्क्यांवर गेली. अभ्यास निवृत्तीच्या बचतीचा होता, पण युक्ती कर्जालाही तशीच लागू पडते.

दरवर्षी हप्ता ५ टक्क्यांनी वाढवत गेलात तर आपले २० वर्षांचे कर्ज साडेबारा वर्षांच्या आत संपते. पहिल्या वाढीला दरमहा १,२५५ च जास्त जातात, त्यामुळे फारसे जाणवत नाही. बाराव्या-तेराव्या वर्षी हप्ता मूळच्या पावणेदोन पटीवर गेलेला असतो, म्हणून उत्पन्न वाढत राहिले तरच हे झेपते. एखाद्या वर्षी वाढ झाली नाही तर त्या वर्षी हप्ता तसाच ठेवा. बोनस, करपरतावा, विकलेल्या जुन्या वस्तूंचे पैसे यांसाठी प्रमाण आधीच ठरवून लिहून ठेवा, उदाहरणार्थ दोन तृतीयांश कर्जाला, बाकी घरच्यांना. रक्कम आल्यावर प्रमाण ठरवायला बसलात तर कर्जाच्या बाजूने बोलणारे घरात कुणी नसते.

घाई कधी करू नये

मुदतपूर्व फेडीचे शुल्क वाचणाऱ्या व्याजाला गिळून टाकत असेल तर ते लागू असण्याचा काळ संपेपर्यंत पैसे वेगळे साठवा. कर्ज फार कमी आणि स्थिर दराचे असेल, आणि सुरक्षित ठेवीवर कर वजा जाता त्याहून जास्त व्याज मिळत असेल, तर ठेवच बरी. निवृत्तीच्या बचतीत मालक आपल्या बाजूने भर घालत असेल तर तो वाटा आधी पूर्ण घ्या. गृहकर्जाच्या व्याजावर करसवलत मिळत असेल तर सवलत धरून खरा दर काढा आणि त्याच्याशी तुलना करा. पण ‘करसवलत जाईल’ म्हणून कर्ज रेंगाळत ठेवणे हे, ३० टक्के सवलत मिळत असली तरी, ३० वाचवण्यासाठी १०० भरण्यासारखे आहे.

शेवटचा भरणा

कर्ज संपवण्याआधी संस्थेकडून ठरावीक तारखेपर्यंतची अंतिम देय रक्कम लेखी घ्या. स्टेटमेंटवरच्या शिलकेत चालू दिवसांचे व्याज नसते. पैसे भरल्यावर काही येणे बाकी नसल्याचा दाखला, घराची मूळ कागदपत्रे यादीशी ताडून, आणि न वापरलेले धनादेश परत घ्या. खात्यातून हप्ता वळता करण्याची परवानगी रद्द करा, नाहीतर आणखी एक हप्ता जाऊन तो परत मिळवण्यात वेळ मोडतो. निबंधकाकडे गहाणखताची नोंद झाली असेल तर ती उठवून घ्या, हे काम संस्था आपणहून करतेच असे नाही. महिना-दोन महिन्यांनी पतअहवाल काढून त्यात कर्ज ‘बंद’ दिसते का पाहा. घराच्या विम्यात लाभार्थी म्हणून संस्थेचे नाव असेल तर तेही काढायला सांगा.